कोरेगावचं पाणी

२० ऑक्टोबर १९७४, सांगली

ही डायरी मला गेल्या दिवाळीत एका तेलाच्या व्यापाऱ्याने दिली. त्याचे डबे मीच करतो. इतके महिने ती कोरी पडून होती. माझ्या बायकोने, अख्तरबीने, मधे एकदा धोब्याला दिलेले कपडे लिहून ठेवले, तेवढीच शाई. घरात आम्ही दखनी आणि मराठीची खिचडी बोलतो, पण मी शिकलो मराठी शाळेत, त्यामुळे लिहायला हात मराठीलाच वळतो.

लिहायला कारण तसंच घडलंय. अम्माचा हजचा नंबर लागला! परवाच्या ईदला ती म्हणत होती की आता काही आपलं नाव निघत नाही, आणि काल पोस्टमन दारात. अम्माने कागद डोळ्यांना लावला आणि मग उलटा धरून बघत बसली. तिला वाचता कुठे येतं.

बरोबर इलियास जाणार. माझा धाकटा भाऊ, सायकलच्या दुकानात काम करतो, लग्न व्हायचं आहे. बाईमाणसाबरोबर घरचा पुरुष लागतो. मला जायचं होतं. पण अम्मानेच त्याचं नाव घेतलं. "तू गेलास तर घराकडं कोण बघंल? त्यो मोकळा हाय." मला राग आला, पण मी बोललो नाही. म्हणजे थोडं बोललो.

मला घोर आहे तो तिच्या पोटाचा. अब्बा गेल्यावर मी तिला कोरेगावहून सांगलीला आणली, तेव्हा कृष्णेचं पाणी तिला असं बाधलं की अंथरुणाला खिळली. औषधं झाली, अंगारे झाले. शेवटी मी रेल्वेने जाऊन कोरेगावच्या आमच्या जुन्या विहिरीचं पाणी कळशीभर आणलं, आणि ते पिऊन ती उठून बसली. बहात्तरच्या दुष्काळात सगळा तालुका कोरडा पडला तेव्हाही ती विहीर आटली नव्हती. तसं पाणी नाही कुठे.

आणि आता समुद्रापलीकडचं पाणी. तिने काबा डोळ्यांनी बघावा, त्याआधी तिला काही होऊ नये. माझं एवढंच मागणं आहे.

२२ ऑक्टोबर

विश्रामबागला डॉ. मगदूम बाईंकडे अम्माला आणि इलियासला नेलं. पटकीची सुई टोचली. बाई तरुण आहेत आणि बोलतात अशा की गाडी सुटायला आलीय. पाणी उकळून प्यायचं, रोजचं रोज. खायचं ते गरम. कापून ठेवलेलं फळ नको. हात साबणाने धुवायचे. इथवर ठीक. पुढे म्हणाल्या, जुलाब लागले तर पाणी बंद करायचं नाही, उलट मीठ-साखर घालून पाजत राहायचं.

मी पत्र्याचा माणूस. डबा गळायला लागला तर आधी भोक बुजवतात, वरून पाणी ओतत बसत नाहीत. पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार, मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर अम्मा म्हणाली, "उकाळलं की पाणी मरतंय रं. मेल्यालं पाणी प्यायला मी मक्केला जाऊ व्हय?"

हसलो, पण तिचं खरं आहे. उकळलेल्या पाण्याला चव राहत नाही.

२७ ऑक्टोबर

शेजारचे नाथाजी हवालदार सकाळी आले. पलटणीतून निवृत्त झाले तरी चालतात अजून कवायतीत. त्यांनी औषधाच्या गोळ्यांची बाटली आणली होती. "गड्या रहिमान, आमी शांतिसेनेत गाझाला व्हतो तवा ह्याच गोळ्या. पाण्यात टाकायची, जरा दम धरायचा, मग प्यायचं. वास येतुया, पर पोट गच्च ऱ्हातंय. आमच्या कंपनीत ज्यानं गोळी चुकवली, त्यो तांब्या घिऊन पळाला."

अम्माने एक गोळी पेल्यात टाकून बघितली. घोट घेतला आणि अंगणात थुंकली. म्हणाली, दवाखान्याचा वास येतोय. बाटली फळीवर पडली.

आणि दुपारी मला तोडगा सापडला! शमसुद्दीन हाजी मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्याचा डबा घेऊन दुकानात आले. फार वर्षांपूर्वी ते जाऊन आले, तेव्हाचा तिथे सांध्यांना कथलाचा डाख देऊन बंद केलेला डबा. खालून गंजायला लागला म्हणून पाणी नव्या डब्यात घालून हवं होतं. मी डबा फोडला. पाणी आज भरल्यासारखं नितळ. वास नाही, काही नाही. मी विचारलं, हे इतकी वर्षं टिकलं कसं? हाजी म्हणाले, जमजम आहे म्हणून. त्यांची श्रद्धा आहे, माझीही आहे. पण कारागीर म्हणून मला दिसलं ते हे की सांध्यातून हवेला आत शिरायला सुईएवढीही जागा नव्हती.

हवा नाही म्हणजे पाणी नासणार नाही. मग आमच्या विहिरीचं पाणी का टिकू नये? अम्माबरोबर कोरेगावचंच पाणी द्यायचं. जायचं, यायचं, तिथे राहायचं, सगळ्याला पुरेल इतकं. परक्या पाण्याचा थेंब तिच्या तोंडात जायला नको.

३ नोव्हेंबर

दुकानाची बाकी सगळी कामं बाजूला. नवा कोरा पत्रा आणला, जुन्या तेलाच्या डब्यांना हात लावला नाही. कात्रीने पत्रा कापला, कडा दुमडल्या, नवसागर लावून डाख दिला. प्रत्येक डबा पाण्यात बुडवून बघितला. एक बुडबुडा निघाला तरी सांधा उसवून परत. माझी बोटं पोळलीत, पण असं काम मी उभ्या जन्मात केलं नाही. अम्मा उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "माज्यासाठी येवढं?" मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, तिथल्या अरबांनी बघावं की सांगलीत काम कसं करतात.

तिला फार हसू आलं. तिचे वरचे दोन दात नाहीत, हसताना पदर तोंडावर घेते.

१० नोव्हेंबर, कोरेगाव

पहाटेच्या गाडीने डबे घेऊन आलो. इलियास बरोबर. विहीर केरबामामांच्या रानात आहे. केरबामामा म्हणजे अब्बांचे दोस्त, आम्ही लहानपणापासून मामा म्हणतो. विहीर होती तशीच आहे. आतल्या भिंतीच्या भोकांत कबुतरं घुमत होती, पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

केरबामामा म्हणाले, "आवंदा पावसाचं वरचं पाणी शिरलंय रं आत. धा दिस थांब, निवळंल."

थांबायला वेळ कुठला. फडक्याने गाळून घेतलं. डबे गळ्यापर्यंत भरले, हवेला जागाच ठेवली नाही, आणि तिथेच निखाऱ्यावर लोखंड तापवून तोंडं बंद केली. इलियास म्हणाला, "भाई, डॉक्टरीणबाय उकाळाय सांगत व्हती." मी त्याला म्हटलं, उकळलं तर ते कोरेगावचं राहील का? मग मुंबईचं काय वाईट?

एक डबा जास्तीचा भरला, घरी ठेवायला.

१६ नोव्हेंबर

अम्मा गेली.

गेले आठ दिवस ती दारोदार फिरत होती. हजला जाण्याआधी सगळ्यांची माफी मागून जायचं असतं. भाजीवालीपासून मास्तरांच्या बायकोपर्यंत सगळ्यांपुढे हात जोडून उभी, "बोलल्या-चालल्याचं माफ करा." पलीकडच्या रंगूबाईंशी तिचं नळावरून भांडण होतं. त्या दोघी गळ्यात पडून इतक्या रडल्या की रंगूबाईंनी सुक्या खोबऱ्याची चटणी करून दिली, तोंड कडू झालं तर लावायला.

निघायच्या आधी माझ्यापुढे आली. "रहिमान, काय चुकलं आसंल तर माफ कर पोरा." मी म्हटलं, इलियासला नेतेस तेवढं एक सोडून बाकी माफ. असं बोलायला नको होतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी सांगितलं, "अम्मा, माझी शपथ आहे. आपल्या डब्यांशिवाय दुसरं पाणी प्यायचं नाही. वचन दे." तिने वचन दिलं.

स्टेशनवर हार, गुलाल, गर्दी. नाथाजी हवालदार डबे मोजून गाडीत चढवत होते. गाडी हलली तेव्हा अम्मा खिडकीतून मला नाही, डब्यांना बघत होती, नीट ठेवलेत का म्हणून.

२४ नोव्हेंबर

इलियासचं कार्ड मुंबईहून. मुसाफिरखान्यात उतरलेत, उद्या जहाज. अम्माने मुंबईच्या पाण्याला हात लावला नाही, पहिला डबा तिथेच फोडला. मी कार्ड दुकानात खिळ्याला लावून ठेवलं. गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो.

५ डिसेंबर

कीर्ती पसरायला वेळ लागत नाही. शमसुद्दीन हाजींची वहिनी, जैतूनबी, म्हातारी आहे, ती काठी टेकत आली. पुढच्या वर्षी तिचा अर्ज आहे. "हाजराबीला दिलंस तसं पानी मलाबी दे. माजंबी पोट तसलंच." मी हो म्हटलं. अम्माचं नाव लोकांच्या तोंडी आलं, मला बरं वाटलं.

९ डिसेंबर

जेद्दाहून पत्र. जहाजावरच लिहिलंय, अक्षर हललेलं. अम्माचं पोट बिघडलं आहे. उलटीही झाली. इलियास लिहितो, जहाजाचे डॉक्टर साखर-मिठाचं पाणी पाजा म्हणतात, पण अम्मा ऐकत नाही, तुझं वचन सांगते. तूच कळव.

जहाजावरचा भात बाधला असणार. मोठ्या भांड्यातला भात, कुणी कसा केलाय कोण जाणे. मी लगेच उत्तर लिहिलं: भात बंद कर. पाणी फक्त आपलं दे, तेही घोटाघोटाने. आपल्या पाण्यानेच ती मागे उठली होती, आताही उठेल. स्वतः पोस्टात नेऊन टाकलं.

अख्तरबी म्हणाली, "आवं, डाक्टर सांगत्यात तसं करू द्या की." मी तिला म्हटलं, तू तिला तेव्हा बघितली नव्हतीस. मी बघितली होती.

१२ डिसेंबर

तार आली. अम्मा जेद्दाच्या दवाखान्यात वारली. मक्केला पोचलीच नाही.

१३ डिसेंबर

काही नाही.

१५ डिसेंबर

माणसं येतात, बसतात, म्हणतात हाजराबी नशिबाची. हजच्या वाटेवर जो जातो त्याचं हज लिहिलं जातं. मौलवीसाहेबही तेच म्हणाले. मी ऐकून घेतो. पण तिला लिहिलेलं नको होतं, तिला बघायचं होतं. कागद उलटा धरणारी बाई ती. जेद्दापासून मक्का किती लांब, मोटारीने सकाळी निघालं तर दुपारी पोचतं म्हणे.

माझं पत्र अजून तिथे पोचलंही नसेल.

२४ डिसेंबर

बकरी ईद. अख्तरबीने शिरखुर्मा केला, कुणी खाल्ला नाही. रंगूबाई आल्या आणि चुलीपाशी बसून अख्तरबीबरोबर रडल्या. मी दुकान उघडलं. ईदला दुकान उघडलेलं पाहून लोक बघत होते, बघू देत.

३ फेब्रुवारी १९७५

वर्ष संपलं, डायरीही संपली. आता सुरुवातीची जानेवारीतली पानं कोरी आहेत, त्यांवर लिहितो.

इलियास काल आला. त्याने आपलं हज केलं, अम्माच्या नावाने दुवा मागितली. अंगावर मांस नाही. जमजमचे दोन डबे आणलेत. अंगणात बसून सांगत होता. मी विचारेन तेवढंच सांगायचा.

"पयला डबा ठीक व्हता भाई. मग बोटीत उकाडा. तिसरा डबा फोडला तर वास आला. मी म्हनलं, टाकून देतो. जहाजावर चांगलं पानी व्हतं, सगळी तेच पीत व्हती, कुनाला काय झालं न्हाई. अम्मा म्हनली, न्हाई. माज्या रहिमाननं बोटं पोळून केलंय, टाकायचं न्हाई. नाकाला पदर लावून प्यायची."

मला फार भरून आलं. अशी आई कुणाला मिळते? वास येणारं पाणीसुद्धा लेकाचं म्हणून प्यायली. मी रडलो, पहिल्यांदा मोकळेपणी रडलो. इलियास माझ्याकडे बघत राहिला. मग उठून सायकलच्या दुकानात गेला. इतक्या दिवसांनी आलेला माणूस, जेवलासुद्धा नाही.

५ फेब्रुवारी

घरी ठेवलेला जास्तीचा डबा फोडला. वास आला. तळाला हिरवट गाळ, वर शेवाळासारखं काही. मग इलियासने आणलेला जमजमचा डबा घेतला, त्यातलं थोडं वाटीत काढलं. नितळ.

दोन्ही डबे शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. तिथल्या कारागिराचा डाख माझ्यापेक्षा जाड आहे. सांध्यावर दोनदा फिरवलाय. माझा एकदाच. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? हवा तिथूनच गेली. काम करताना मी स्वतःवर खूश होतो, तिथेच चुकलो.

माझ्या हातून सांधा कच्चा राहिला आणि म्हणून अम्माला नासलेलं प्यावं लागलं. त्यात भाताने पोट बिघडलेलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, फक्त इथे लिहितोय.

१९ जुलै

जैतूनबीचा नंबर लागला. नवऱ्याबरोबर जाणार. आणखीही दोघे-तिघे आहेत. मी ठरवलं, या वर्षी डबे फुकट द्यायचे, अम्माच्या नावाने. तिला पुण्य पोचेल. यावेळी डाख दोनदा फिरवणार. एक डबा करून कोरेगावला जाऊन भरून आणला, टिकतो का बघायला.

केरबामामांना अम्माचं सांगितलं होतंच. डबा बघून ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

१४ सप्टेंबर

आज इलियासला मारलं. मोठा झाल्यावर पहिल्यांदाच हात उचलला.

मी डबे करत होतो. तो आला, म्हणाला, बंद कर हे. मी म्हटलं, अम्माच्या नावाचं काम आहे, तू पण हात लाव. तर म्हणाला, "भाई, अम्मा भातानं न्हाई गेली. भात मीबी खाल्ला, सगळ्या बोटीनं खाल्ला. अम्मा ह्या पान्यानं गेली. आनि मी शेवटपतोर तेच पाजलं, तू सांगितलंस म्हनून. दवाखान्यात नळी लावली व्हती तरी मागत व्हती, मी चोरून पाजलं."

मी मारलं. त्याने हात उचलला नाही. "तुला कळतंय," म्हणाला, "पर तुला कळून घ्यायचं न्हाई." आणि कपडे घेऊन गेला. सायकलच्या दुकानात झोपणार आहे म्हणे.

तो थकलाय. तिथलं सगळं एकट्याने बघितलं, मन ठिकाणावर नाही. नाहीतर सख्खा भाऊ असं बोलेल? आणि खरं असेल तर? खरं असेल तर मी तिला वचनात बांधून, गाडीत बसवून, माझ्याच हातांनी... नाही. खरं असेल तर उद्या मला कात्री हातात धरता येणार नाही. मग मी करू काय, जाऊ कुठे? म्हणून ते खरं नाही.

१५ सप्टेंबर

सोक्षमोक्ष लावला. जुलैत भरलेला डबा अख्तरबी आणि नाथाजी हवालदारांच्या समोर फोडला. किंचित वास होता, गेल्या खेपेइतका नाही. म्हणजे डाख सुधारला. पेला भरला आणि प्यायलो. हवालदारांनी माझा हात धरला. "गड्या, कच्च्या पान्यात किडं असत्यात. बंद केलं की सडतंय. त्येला डाख काय करनार? तुज्या आईची आन हाय, पिऊ नगंस." मी दुसरा पेलाही प्यायलो.

२१ सप्टेंबर

आजारी होतो. अख्तरबीने त्या दिवशी शिळी आमटी वाढली होती, ती भोवली. पोटात मुरडा, ताप, तांब्या घेऊन पळणं, सगळं झालं. अख्तरबी सारखं सरबत पाजत होती. मी नको म्हणायचो, ती चमचा तोंडात घालायचीच. साखर असूनही खारट लागायचं. बायकांना सरबतसुद्धा धड करता येत नाही.

पण आता मी उभा आहे. मेलो तर नाही. तेच पाणी प्यायलो आणि मेलो नाही, इलियासला हे सांगा कुणीतरी.

अख्तरबी पाया पडून म्हणाली, "आवं, ते डबे देऊ नगा. तुमी वाचलासा, म्हातारी न्हाई वाचायची." तिला काय झालंय तेच समजत नाही. घरातली सगळीच माणसं एकदम परकी वाटायला लागली आहेत. रात्र-दिवस मी काम करतो ते कुणासाठी?

२६ ऑक्टोबर, कोरेगाव

एकट्यानेच आलो. डबे भरले. केरबामामा रानात असूनही विहिरीवर आले नाहीत. पाणी यंदा नितळ आहे. प्रत्येक डबा बंद करताना अम्माचं नाव घेतलं.

१ नोव्हेंबर

आज सगळे गेले. स्टेशनवर तशीच गर्दी, तसेच हार. नाथाजी हवालदार आले नाहीत. गेल्या आठवड्यात ते जैतूनबीच्या घरी जाऊन तिला काहीतरी सांगून आले होते. मला तिनेच सांगितलं. तिने त्यांना परतवून लावलं म्हणे. "हाजराबीच्या नावाचं पानी हाय, त्येला नाव ठिवू नगा."

डबे मी एकट्याने चढवले. इलियास आला होता. मला बघून थांबला, मग खिडकीशी गेला आणि जैतूनबीचा हात धरून बोलत राहिला. हात जोडले, खाली वाकला. म्हातारी त्याच्या गालावरून हात फिरवत होती. आईवेगळं पोर म्हणून तिला कळवळा आला असणार. गाडीची घंटा झाली तसा तो बाकावर जाऊन बसला आणि तोंड झाकून घेतलं. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. तो पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा अम्माने त्याला माझ्याकडेच सोडला होता.

पण तेवढ्यात जैतूनबीचा नवरा फलाटावरच्या नळाकडे तांब्या घेऊन निघाला. मी धावलो. "चाचा, ते नको. आतापासूनच आपलं घ्या." खिडकीतून आत वाकून मी एक डबा फोडला आणि वाटीत पाणी ओतून जैतूनबीच्या हातात दिलं.

ती दोन घोट प्यायली आणि पदराने ओठ पुसत म्हणाली, "लय गोड हाय रं पोरा." गाडी हलली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिला ओरडून सांगत होतो की दुसरं पाणी अजिबात प्यायचं नाही.